टाळी कशाला पडते, ते बघ

प्रिय मित्रा,

घरचे ‘संगत वाईट’ म्हणाले की तुझं डोकं फिरतं, आणि ते थोडं रास्तही आहे. ‘पोरांनी बिघडवलं’ ही तक्रार निम्मीच खरी असते. आधी आपण आपल्यासारखेच मित्र शोधतो, मग हळूहळू एकमेकांसारखे होत जातो.

‘घे रे, एक झुरका मार’ असा आग्रह फार कमी वेळा होतो. खरं काम हशा करतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशन यांनी किशोरवयीन मित्रांच्या गप्पा चित्रित करून तपासल्या. नियम मोडल्याच्या बाता जिथे हशा मिळवायच्या, तिथे पुढे व्यसनं आणि मारामाऱ्या वाढलेल्या दिसल्या. म्हणून आठवडाभर एवढंच कर. क्लास सुटल्यावर टपरीपाशी टाळी कशाला पडते, ते बघ. नो एंट्रीतून गाडी घातल्याला, की कुणाच्या झकास नकलेला? आणि कोण नुसतं ओठ हलवून हसतंय, तेही बघ. असा एखादा असतोच.

दुसरी गोष्ट गाडीची. 2005 च्या एका प्रयोगात गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी मित्र बघत असताना जवळपास दुप्पट धोका पत्करला. प्रौढांत तसा फरक पडला नाही. एकटा असताना तू सिग्नलला थांबतोस, ट्रिपल सीट असलास की थांबत नाहीस, ते यामुळेच. तेव्हा आपला ‘कंट्रोल’ आहे यावर विसंबू नकोस, गाडीची किल्लीच घरी ठेव. कुणी चिडवलंच तर सांग, ‘पकडलो तर बाबा अडकतील.’ थाप नाही ती. अल्पवयीनाने मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

ग्रुप एकदम सोडू नकोस, भांडण होतं आणि मग तोच विषय होऊन बसतो. आधी वेळ कापायची. घोळ होतो तो काही काम नसलेल्या आणि मोठं कुणी जवळ नसलेल्या तासांत, म्हणजे क्लास सुटल्यापासून जेवणापर्यंत. त्यातले दोन-तीन दिवस ढोल-ताशा पथकाच्या सरावाला किंवा तालमीला दे. (पथकात गेलं की मुलगा सुधारतो असंही नाही, सरावानंतर नदीपात्रात रेंगाळणारा कंपू तिथेही असतो. सराव संपला की निघायचं.) त्या ओठ हलवणाऱ्यालाही बरोबर ने. नकार द्यायला दोघं असले की सोपं जातं.

कोयत्याच्या बाबतीत मात्र गोडीगुलाबी नको. ‘जरा बॅगेत ठेव’ म्हणालं कुणी, तर हात लावायचा नाही. भाईच्या बर्थडेला कोयत्याने केक कापत असतील तर व्हिडिओत दिसायचंही नाही, कारण पोलीस त्या व्हिडिओवरूनच पोरं उचलतात. सोळा पूर्ण झाली असतील आणि गुन्हा अतिगंभीर असेल, तर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. धमकी आली तर त्याच दिवशी घरी सांग. घरी जमत नसेल तर मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनला फोन कर, पैसे पडत नाहीत.