हमालीच्या कामाने शरीर कमावलं जातं की खचतं?

तुम्ही विचारलंय की 22 वर्षांचा धाकटा भाऊ मार्केटमध्ये हमालीला लागतोय, तर पुढे शरीराला त्रास होतो का, की व्यायाम होऊन अंग बळकट होतं?

मी 1992 ते 2019, वाशीच्या दाणाबाजारात माथाडी होतो. पहिली दहा वर्षं अंग खरंच बळकट होतं, आणि फसायला होतं ते तिथेच. मजुरी नगावर. जेवढी पोती, तेवढा पैसा. तरण्या पोराला थांबावंसं वाटत नाही. आमच्या वेळी पोतं सरळ 100 किलोचं. दहा टनांची गाडी म्हणजे शंभर पोती, वाहणारे चौघं. दिवसाला दोन गाड्या केल्या की एकेकाच्या मानेवरून पाच टन माल जायचा. जिममधला माणूस वजन खाली ठेवून दम घेतो, दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतो. आम्हाला मागचा पुढे ढकलायचा.

मणक्यांमधल्या गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे ती झिजली की पुन्हा भरत नाही, हे मला डॉक्टरांनी एमआरआय दाखवून सांगितलं तेव्हा कळलं. त्याआधी कळलं होतं ते शिंप्याला. शर्टाचं माप घेताना म्हणाला, "तुमचा डावा खांदा दोन बोटं खाली आहे, बाही वेगळी कापावी लागेल." मी पोतं कायम डाव्या खांद्यावर घ्यायचो. आता मागून कुणी हाक मारली तर मान वळत नाही, सगळं अंग फिरवावं लागतं. गावी गेलो तर भांगलायला उकिडवं बसता येत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुखण्यावर गोळी खाऊन कामावर जायची सवय भावाला लागू देऊ नका. आमच्या टोळीतले दोघं वर्षानुवर्षं रोज वेदनाशामक खायचे, दोघांच्याही किडन्या गेल्या. कंबर राहिली बाजूला, डायलिसिस मागे लागलं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 सालीच एका माणसाने वाहायचं वजन 55 किलोच्या आत ठेवा असं सुचवलं होतं. आता पोती बहुतेक 50 किलोची येतात, पण पोरं पैजेने दोन-दोन उचलतात. ते त्याने करू नये. पोतं पाठीवर द्यायला दोघं हवेत, खांदा आलटून पालटून वापरायचा. पायाला मुंग्या येऊन पंजा उचलेना, किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. उद्यावर टाकायचं नाही.

आणि 1969 च्या माथाडी कायद्याखाली मंडळात नोंदणी आधी करून घ्या. मुकादम "नंतर बघू" म्हणेल. पण प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी नोंदणीशिवाय नाही, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी काम सोडलं तेव्हा घर त्याच पैशावर चाललं.