पर्वरीचा फ्लॅट: स्वतः बघू की मॅनेजरला देऊ?

प्रश्न: मी फोंड्याला राहते, गोव्यात पर्वरीला टू बीएचके आहे, दोन-तीन महिन्यांसाठी वर्क फ्रॉम होमवाले विचारतात. काय करू?

उत्तर: ताई, पहिला भाडेकरू स्वतःच सांभाळा, मग मॅनेजरचं कमिशन कशासाठी द्यायचं ते नीट कळतं. एअरबीएनबीवर (घरं भाड्याने देण्याच्या साइटवर) २८ किंवा जास्त रात्रींच्या बुकिंगला कॅन्सलेशनचे नियम वेगळे असतात, ते आधी वाचा. लीव्ह अँड लायसन्स करार आणि पोलीस व्हेरिफिकेशन झाल्याशिवाय चावी अजिबात देऊ नका, आणि विदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) २४ तासांत ऑनलाइन भरावाच लागतो. लाइट बिल मीटरप्रमाणे वेगळं घ्या, एसी दिवसभर चालतो हो! पावसाळ्यात मात्र फ्लॅट बघायला माणूस ठेवाच, बंद फ्लॅटला बुरशी लागते, गाद्या आणि कपाटं पार वाया जातात.