आवाज थांबले, मग हा बरा झाला का?

स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरचे मला सगळ्यात जास्त हेच विचारतात, की गोळ्या चालू आहेत, कानात आवाज येणं थांबलंय, डॉक्टर पण खूश आहेत, मग हा दिवसभर नुसता बसून का असतो, याला बरं म्हणायचं का नाही? बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंनी पण तेच विचारलं (ओळख पटेल ते सगळं बदललंय हं). मुलगा ३४ वर्षांचा, आजार कॉलेजपासूनचा.

काकूंना म्हणलं, गोळ्या भास-संशयावर जेवढं काम करतात तेवढं या मलूलपणावर करत नाहीत, आणि रोजचं जगणं अडतं ते बहुतेक वेळा या मलूलपणाने आणि उदासीने. डॉक्टरांची पॅन्स नावाची ३० मुद्द्यांची स्केल असते, ती लक्षणं मोजते. जगणं कसं चाललंय ते बघायला मी डब्ल्यूएचओचा २६ प्रश्नांचा फॉर्म वापरते, व्हूकॉल-ब्रेफ, गेल्या २ आठवड्यांबद्दल विचारतात त्यात, झोप, मित्र, पैसे, घर, येणं-जाणं, सगळ्याला १ ते ५.

पहिल्यांदा माझंच चुकलं, काकूंना शेजारी बसू दिलं. तो प्रत्येक प्रश्नाला आधी आईकडे बघायचा आणि मग ४ वर टिक. पुढच्या खेपेला काकूंना बाहेर बसवलं आणि त्यांनाही कोरा फॉर्म दिला, म्हणलं तो काय लिहील ते तुम्ही अंदाजाने भरा. नंतर त्याला विचारलं आईला दाखवू का, तर म्हणाला दाखवा, पण तो एक प्रश्न झाकून. लैंगिक आयुष्याचा होता तो. काकूंनी तो रिकामाच सोडलेला.

काकूंना वाटलेलं झोपेला कमी देईल, सकाळी १० शिवाय उठत नाही म्हणून. तिथे ३ होते. पण गरजेपुरते पैसे आहेत का, याला १, तेही पेन इतकं दाबून की कागद मागच्या बाजूने उठलेला. काकू म्हणे, "अहो ताई, त्याला कशाला हवेत पैसे, सगळं मीच तर आणून देते!"

आणि एकूण आयुष्य कसं वाटतं याला काकूंचा अंदाज २, त्याचं उत्तर ४. काकू खूश झाल्या, मी नाही. ज्याने काही मागायचंच सोडलंय त्याला आहे तेच पुष्कळ वाटतं, म्हणून मी नुसत्या आकड्यावर कधी जात नाही.

ठरलं असं की आठवड्याला ३०० रुपये त्याच्या हातात, आणि हिशोब विचारायचा नाही. दुसरी अट काकूंना फार जड गेली, बिड्या ओढेल म्हणाल्या, आणि सुरुवातीला ओढल्या पण. मग एक दिवस एकटा जाऊन सेव-उसळ खाऊन आला, आईसाठी पार्सल घेऊन. सकाळच्या गुंगीचं डॉक्टरांना कळवलं, त्यांनी गोळीची वेळ बदलली (ते डॉक्टरांनीच करायचं, घरी कोणी डोस पुढेमागे करू नका प्लीज).

३ महिन्यांनी परत फॉर्म. पैशाला १ चे ४ झाले. आणि एकूण आयुष्याला ४ चे ३! काकू घाबरल्या, "हा तर खाली गेला की हो!" मी त्याला विचारलं, ३ का रे? म्हणाला, "काम नाहीये ना काही." इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा कशाची तरी तक्रार केली होती, मला तो ३ आधीच्या ४ पेक्षा कितीतरी खरा वाटला, काकूंना अजून पटलेलं नाही.

रावपुऱ्यात त्याच्या मामाचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे अर्धा दिवस बसू का म्हणून आता तो मागे लागलाय. काकू म्हणतात उन्हाळा जाऊ दे. बुधवारी दोघं येणारेत.