गोडाऊनमध्ये सगळीकडे फुल रेंज आहे, तरी स्कॅनर हँग का होतो?

तुमच्याकडे चार अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफायचा सिग्नल सोडणारे डबे) आहेत, रेंज फुल दिसते, तरी माल काढणारा मुलगा दुसऱ्या टोकाला पोचला की स्कॅनर अडकतो. म्हणून पाचवा एपी लावू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया इतक्यात लावू नका. मी भिवंडीच्या गोडाऊनांत वायफाय बसवतो, आणि जास्तीच्या एपीने हा त्रास वाढलेलाच मी जास्त वेळा पाहिलाय.

मोबाइलच्या टॉवरचं आणि वायफायचं गणित वेगळं आहे. चालू कॉल दुसऱ्या टॉवरवर कधी न्यायचा हे नेटवर्क ठरवतं. वायफायमध्ये एपी कधी सोडायचा हे हातातलं यंत्र ठरवतं. आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरात) खाली जाईपर्यंत दुसरा एपी शोधायलाच लागत नाही. स्कॅनरलाही असाच उंबरठा असतो. एपीची पॉवर फुल असेल, तर त्याचा आवाज, म्हणजे सिग्नल, शेवटच्या रॅकपर्यंत ऐकू येतो आणि स्कॅनर त्यालाच चिकटून राहतो. पण स्कॅनरचा स्वतःचा आवाज बारीक, तो उलट एपीपर्यंत पोचत नाही. कांड्या पूर्ण आणि डेटा मात्र बंद, तो असा.

म्हणून पॉवर कमी करा, साधारण स्कॅनरच्या पॉवरइतकी. मग माल भरलेला असताना, तोच स्कॅनर हातात घेऊन चाला. जुना एपी सुटतो त्या जागी पुढचा निदान उणे ६७ ला मिळायला हवा. तिथे मिळत नसेल तरच पाचवा एपी. रॅक रिकामे असताना केलेली मोजणी धरू नका. एकदा मी तशी केली होती. पाण्याच्या बाटल्या भरल्यावर अर्ध्या रांगांत सिग्नलच उरला नाही, पाणी तो शोषून घेतं.

८०२.११आर (एका एपीवरून दुसऱ्यावर झटकन जाण्याची वायफायची सोय) चालू केलं तर नव्या एपीवर पुन्हा पूर्ण लॉगिन करण्याचा वेळ वाचतो, पण काही जुने स्कॅनर मग जोडलेच जात नाहीत. आधी वेगळ्या नावाच्या नेटवर्कवर करून बघा.

आणि या सगळ्याच्या आधी, आजच, दोन्ही टोकांना स्कॅनरचा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) लिहून घ्या. तो बदलत असेल, तर तुमचे एपी स्वतंत्र राउटर म्हणून चालू आहेत. नाव एकच असलं तरी आयपी बदलला की सॉफ्टवेअरचं सेशन तुटणारच. आयपी देण्याचं काम एकाच राउटरकडे ठेवा, बाकीचे एपी मोडवर टाका, म्हणजे ते आयपी न देता फक्त सिग्नल सोडतील.