नाणी लावलेला अफगाणी कुची (तिथल्या भटक्या पशुपालकांचा) हार किती जुना आणि कुठला, हे कसं ओळखायचं?

आधी नाणी वाचा. व्हिक्टोरियाच्या रुपयावर ‘क्वीन’ असेल तर नाणं १८७६ पर्यंतचं, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ पासून पुढचं. पण हार त्यानंतर कधीही घडवलेला असू शकतो; जुनी नाणी नव्या दागिन्यांत सर्रास लावतात. म्हणून कड्या बघा: जिथे एकमेकींवर घासतात, नेमका तिथलाच धातू झिजून पातळ झालेला हवा. सगळीकडे एकसारखा काळेपणा दिसला, तर तो बहुधा मुद्दाम आणलेला.

रंगीत काचा, लोंबती नाणी, हलक्या प्रतीची चांदी किंवा जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) हा कुचींचा थाट. जाड चांदीवर सोन्याचा मुलामा आणि लालसर अकीक असेल तर दागिना मध्य आशियातल्या तुर्कमेन लोकांचा, बहुधा त्यांच्यातल्या टेक्के जमातीचा. विक्रेता ‘शंभर वर्षं जुना’ म्हणेलच. बाजारातले बरेच कुची हार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले असतात.