रस्त्यावर तीन तास सायकल चालवतो, पण घरी ट्रेनरवर पाऊण तासात थकतो. ट्रेनरवरचा सराव परिणामकारक कसा करावा?

तुम्ही लिहिले आहे की ट्रेनरवर, म्हणजे सायकल अडकवून घरात एका जागी चालवायच्या यंत्रावर, पाऊण तास झाला की पाय जड होतात, हृदयगती नेहमीपेक्षा बरीच वर जाते आणि शेवटचे इंटरव्हल, म्हणजे ठरावीक मिनिटांचे जोराचे टप्पे, अर्धवट सोडावे लागतात. सायकलखाली घामाचे थारोळे साचते, म्हणजे व्यायाम तर भरपूर होतो आहे, मग प्रगती का दिसत नाही, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय टायरवर चालणारा जुना ट्रेनर बदलून, मागचे चाक काढून थेट चेन लागणारा घ्यावा का, असाही तुमचा प्रश्न आहे. घामाचे थारोळे म्हणजे भरपूर व्यायाम, हे समीकरण मी आमच्या सायकलिंगच्या गटात वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि ते चुकीचे आहे असे माझे ठाम मत आहे. हे उत्तर मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यापैकी साधारण २० ते २५ टक्केच पॅडलपर्यंत पोहोचते. उरलेली सगळी उष्णता होते. म्हणजे पॅडलवर २०० वॉट दिसत असतील तेव्हा तुमचे शरीर त्याच वेळी ६०० ते ८०० वॉट उष्णता निर्माण करत असते, आणि ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम त्वचेवरच वाळला तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे ताशी एक लिटरच्या आसपास घाम पूर्ण वाळला तर एवढ्या कष्टाचा हिशेब जवळपास जुळतो. पण जो घाम कोपरावरून आणि हनुवटीवरून जमिनीवर टपकतो, तो शरीराला जवळजवळ काहीच थंड करत नाही. शरीरातले पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाला आठ मीटरहून अधिक वेगाचा वारा अंगावरून वाहत असतो आणि तो घाम वाळवत राहतो. बंद खोलीत, एका जागी उभ्या असलेल्या सायकलवर, हा वारा शून्य असतो. तुमच्या सायकलखालचे थारोळे म्हणजे न वाळलेला, वाया गेलेला घाम आहे.

आमच्या गटात एक ज्येष्ठ सायकलपटू आहेत. लांब पल्ल्याच्या राइड त्यांनी माझ्या कितीतरी आधी केल्या, आणि घाट चढताना श्वास कसा राखायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, त्यामुळे त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि तो पुढेही राहील. ते एकदा माझ्या घरी आले असताना त्यांनी माझ्या ट्रेनरसमोर ठेवलेले दोन मोठे पंखे पाहिले आणि म्हणाले, “अहो, पंख्याखाली बसून व्यायाम होतो का? हा तर आराम झाला. खिडक्या बंद करा, अंगात जाड टी-शर्ट घाला, मग बघा अर्ध्या तासात तासाभराचे काम होते की नाही.” मी त्यांना वर लिहिलेला हिशेब सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांचे म्हणणे एवढेच होते की हृदयगती वर गेली म्हणजे हृदय जास्त काम करते, आणि हृदय जास्त काम करते म्हणजे सराव चांगला होतो. पुढच्या रविवारच्या राइडला हा विषय सगळ्या गटात पसरला आणि नव्याने ट्रेनर घेतलेल्या दोघांनी खरोखरच पंखे बंद करून सराव सुरू केला. मला वाईट वाटले ते याचे. माझ्या पंख्यांना कोणी नावे ठेवली तर ठेवोत, पण नवख्या माणसांनी त्यापायी बंद खोलीत स्वतःला भाजून घ्यावे, हे मला पटेना.

म्हणून मी त्यांना म्हटले, “दादा, वाद घालण्यापेक्षा मोजून पाहू. ट्रेनर माझा, पाय तुमचे.” त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला. ठरले असे की दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळच्या त्याच वेळी, त्याच खोलीत, तेवढ्याच कॅडेन्सने (मिनिटाला पॅडलचे फेरे) त्यांनी १६० वॉटवर तासभर चालवायचे; ट्रेनर एर्ग मोडवर ठेवायचा, म्हणजे वॉट यंत्रच धरून ठेवील आणि कमी-जास्त कष्टाचा प्रश्न उरणार नाही. पहिल्या दिवशी पंखे बंद होते. सुरुवातीची १५ मिनिटे त्यांची हृदयगती १३० च्या थोडी वर स्थिर होती, मग ती हळूहळू चढू लागली. वॉट तेच, कॅडेन्स तीच, आणि तरीही ४० मिनिटे होण्याआधी तिने १६० ओलांडले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते तास पूर्ण करणारच म्हणत होते, पण ५० मिनिटांच्या आसपास कॅडेन्स ढासळू लागली, आणि एर्ग मोडमध्ये कॅडेन्स पडली की वॉट कायम राखण्यासाठी ट्रेनर प्रतिकार वाढवतो, प्रतिकार वाढला की कॅडेन्स आणखी पडते, अशा फेऱ्यात सापडून पॅडल थांबले. दुसऱ्या खेपेस दोन्ही पंखे पूर्ण वेगाने सुरू होते. त्या दिवशी त्यांनी तास पूर्ण केला, हृदयगती १४५ च्या आत राहिली, आणि उतरल्यावर ते नेहमीसारखे बोलत होते.

वॉट दोन्ही दिवशी तेवढेच होते, हे पुन्हा सांगतो. म्हणजे पायांनी मिनिटागणिक केलेले काम सारखेच होते. पहिल्या दिवशी जी जादा हृदयगती होती ती पायांसाठी नव्हतीच. शरीर तापले की रक्ताचा मोठा भाग त्वचेकडे वळवावा लागतो, घामामुळे रक्तातील द्रव कमी होतो, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त घटते, आणि तेवढाच पुरवठा टिकवण्यासाठी ठोके वाढतात. स्नायूंना त्यातून अधिक काही मिळत नाही, उलट ते लवकर थकतात आणि सराव आधी संपतो. दादांचे यावर म्हणणे असे की दुसऱ्या दिवशी त्यांची झोप चांगली झाली होती आणि ट्रेनरची सवयही झाली होती. हा आक्षेप रास्त आहे. एका माणसाच्या दोन दिवसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. म्हणून क्रम उलटा करून पुन्हा पाहू असे मी सुचवले, परंतु पंखे बंद करून पुन्हा बसण्यास ते तयार झाले नाहीत, आणि त्या नकारातच मला माझे उत्तर मिळाले, असे मी त्यांना आजही सांगतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे की आधी वारा आणा. छताचा पंखा पुरत नाही, कारण सायकलवर वाकलेल्या माणसाच्या छातीवर आणि पोटावर त्याचा वारा येत नाही. जमिनीवर ठेवायचा जोरदार पंखा समोरून छातीच्या रोखाने लावा, जमल्यास दुसरा बाजूने पाठीकडे लावा, आणि खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीतली हवाच दमट होते आणि पंखा तीच फिरवत राहतो. पंखे पहिला घाम येण्याआधी सुरू झालेले असावेत. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून पाहा. जेवढे किलो कमी झाले त्यात मधे प्यायलेले पाणी मिळवले की तुमच्या घामाचा अंदाज येतो, आणि पुढच्या वेळी किती पाणी जवळ ठेवायचे ते कळते. तासाहून मोठ्या सरावात त्या पाण्यात मीठही असू द्या.

दुसरे असे की ट्रेनरवरचा तास आणि रस्त्यावरचा तास यांची तुलना करू नका. रस्त्यावर उतार येतो, वळण येते, सिग्नल लागतो, पुढच्या सायकलीच्या आडोशाला विसावा मिळतो, आणि या सगळ्या वेळात पाय थांबलेले किंवा हलके असतात. ट्रेनरवर पाय थांबत नाहीत, त्यामुळे तुमचा पाऊण तास दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. त्याचप्रमाणे एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी शक्ती, तुम्ही रस्त्यावर मोजली असेल तर ती जशीच्या तशी ट्रेनरवर लादू नका. बऱ्याच लोकांची घरातली एफटीपी रस्त्यावरच्यापेक्षा कमी भरते. २० मिनिटांची चाचणी घरीच, पंखे लावून, पूर्ण वॉर्म-अप करून द्या आणि सरासरी वॉटच्या ९५ टक्के हा आकडा धरा. तुमची शेवटची इंटरव्हल सुटतात त्यामागे उष्णतेच्या जोडीला चुकीची एफटीपी हेही कारण असण्याची दाट शक्यता आहे.

घरातली सायकल ही खरी सायकलच नव्हे, असेही तुम्हाला कोणीतरी ऐकवले आहे. त्यांना मॅथ्यू हेमनचे उदाहरण सांगा. २०१६ च्या फेब्रुवारीत शर्यतीत पडून या ऑस्ट्रेलियन सायकलपटूचा हात मोडला. त्याने आपल्या गॅरेजमध्ये ट्रेनरवर सराव चालू ठेवला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये २५० किलोमीटरहून लांबीची, दगडी रस्त्यांची पॅरिस-रूबे ही शर्यत टॉम बूनेनला अखेरच्या स्प्रिंटमध्ये मागे टाकून जिंकली. अर्थात तो व्यावसायिक खेळाडू होता आणि त्याच्या पायांत अनेक वर्षांचे सायकलिंग साठलेले होते, पण ट्रेनरने ते राखले, हे खरे आहे.

आठवड्याची आखणी साधी ठेवा. दोन दिवस कठीण सराव पुरेसा आहे: एके दिवशी एफटीपीच्या थोडे वर चार वेळा आठ मिनिटे, दुसऱ्या दिवशी एफटीपीच्या ९० टक्क्यांच्या आसपास दोन वेळा २० मिनिटे. उरलेले दिवस एफटीपीच्या ६० ते ७० टक्क्यांवर, बोलता येईल इतक्या सौम्यपणे चालवा. रोज मध्यम कष्ट करत राहणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, आणि घाम मोजणारी माणसे नेमके तेच करतात, कारण सौम्य दिवशी पुरेसा घाम येत नाही म्हणून ती जोर वाढवतात आणि मग कठीण दिवशी पायांत काही उरत नाही. लांब इंटरव्हलसाठी एर्ग मोड उत्तम आहे; काही सेकंदांच्या स्प्रिंटसाठी मात्र तो बंद करा, कारण ट्रेनर प्रतिकार बदलेपर्यंत स्प्रिंट संपलेले असते. दर १० मिनिटांनी थोडा वेळ उभे राहून चालवा, कारण सायकल खाली डोलत नसल्याने सगळे वजन सॅडलच्या एकाच जागी पडत राहते.

काही गोष्टी येथे नमूद करायला हव्यात. उष्ण प्रदेशात होणाऱ्या शर्यतीसाठी मुद्दाम उष्णतेची सवय करणारे खेळाडू असतात, त्यातून रक्तातील द्रव वाढतो, आणि ती पद्धत खरी आहे. पण ती आखून, सौम्य वॉटवर, थोड्या दिवसांसाठी करतात. दादांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे तो एवढाच, आणि रोजच्या इंटरव्हलना तो लागू पडत नाही. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, किंवा हृदयगतीवर परिणाम करणारी औषधे चालू आहेत, त्यांनी माझे आकडे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारावे. चक्कर, मळमळ किंवा तापलेल्या अंगावर शहारे जाणवले, तर कोणाचेही काही न ऐकता त्याच क्षणी उतरावे.

नव्या ट्रेनरविषयी थोडक्यात सांगतो. थेट चेन लागणारा ट्रेनर अधिक अचूक असतो, आवाज कमी करतो आणि टायर झिजवत नाही. परंतु टायरवरच्या ट्रेनरवरही, दर वेळी हवेचा दाब तोच ठेवून आणि १० मिनिटे चालवल्यानंतर कॅलिब्रेशन (वॉटचे माप जुळवून घेणे) करून, उत्तम सराव होतो. आधी पंखा घ्या, दीडेक महिना वर सांगितल्याप्रमाणे चालवा, आणि त्यानंतरही टायर घसरत असेल किंवा वॉटचे आकडे विनाकारण उड्या मारत असतील, तरच ट्रेनर बदला.