बर्लिनमधले सहा आठवडे आणि मधले शनिवार-रविवार

जूनच्या सुरुवातीपासून सहा आठवडे बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत उन्हाळी अभ्यासक्रम करायचा, मधल्या शनिवार-रविवारी प्राग, ॲमस्टरडॅम, पॅरिस आणि जमल्यास स्वित्झर्लंड पाहून घ्यायचे, आणि बर्लिनसाठी दोन दिवस ठेवायचे, असा तुमचा बेत आहे. तो कसा वाटतो आणि राहण्या-फिरण्याची व्यवस्था कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे. बरीच वर्षे या शहरात राहत असल्यामुळे माझे मत एकतर्फी असू शकेल, पण ते आधीच सांगून टाकतो. सहा आठवड्यांत मधले पूर्ण शनिवार-रविवार पाचच मिळतात. प्रागला जायला रेल्वेने चार तासांहून अधिक लागतात, पॅरिसला आठ. चार शनिवार-रविवार असे गाडीत आणि हॉटेलच्या रांगेत गेले, तर हाती चार शहरांचे तेच ते फोटो उरतील आणि ज्या शहरात आपण राहिलो, तिथली फक्त वर्गाची वाट माहीत असेल. फारच मन ओढत असेल तर प्राग करा. बाकीचे पुढे कधीतरी नोकरीच्या पैशाने करता येते. एखाद्या परक्या शहरात विद्यार्थी म्हणून दीड महिना राहण्याची संधी मात्र सहसा पुन्हा येत नाही.

व्हिसाचे थोडक्यात सांगतो. नव्वद दिवसांच्या आतला मुक्काम असल्यामुळे तुम्हाला शेंगेन व्हिसा लागेल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण दाखवावे लागते. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाचे पत्र हाती येताच त्या कामाला लागा.

खोलीचा प्रश्न अधिक अवघड आहे. उन्हाळ्यात जर्मन विद्यार्थी घरी जातात, तेव्हा खोल्या सहज मिळतील, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. परंतु इथल्या उन्हाळी सत्राची व्याख्याने जुलैच्या मध्यापर्यंत चालतात, त्यामुळे थोड्या काळासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या खोल्या, ज्यांना इथे त्स्विशेनमीटे म्हणतात, त्या जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये निघतात, जूनमध्ये कमीच. विद्यापीठाकडून राहण्याची सोय होत असेल तर थोडी महाग पडली तरी घ्या. स्वतः शोधणार असाल तर एक पथ्य पाळा: मालक परदेशात आहे, अनामत पाठवा म्हणजे किल्ली टपालाने येईल, असे कोणी लिहिले की तो संवाद तिथेच थांबवा. ही फसवणूक इथे इतकी जुनी आहे की तिच्यात आता नवखेच सापडतात, आणि नवखे दर वर्षी येतातच.

खोली कोणत्या भागात घ्यावी, हे ठरवण्यासाठी शहराचा आकार लक्षात घ्यावा लागतो. बर्लिन सुमारे 890 चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे आणि त्याला एकच एक मध्य नाही. शहराच्या आतल्या भागाभोवती 37 किलोमीटरची लोकल रेल्वेची एक वर्तुळाकार मार्गिका आहे, तिला सगळे रिंग म्हणतात. एस41 घड्याळाच्या दिशेने धावते, एस42 उलट दिशेने, आणि 27 स्थानके घेत पूर्ण फेरीला सुमारे तासभर लागतो. रिंगच्या आतला भाग म्हणजे भाड्याचा ए विभाग, तिथपासून शहराच्या हद्दीपर्यंत बी, आणि त्याबाहेर सी. तुमचे विद्यापीठ नैर्ऋत्येला दालेम भागात, रिंगच्या बाहेर आहे. आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी पूर्वेकडच्या गजबजलेल्या वस्तीत खोली मिळाली म्हणून हरखून जातात आणि मग रोज जाऊन-येऊन दोन तास घालवतात. माझा सल्ला असा, की यू3 या भुयारी मार्गाच्या आसपास, किंवा फ्रीडेनाउ आणि श्टेग्लिट्स या भागांत शोधा. तिथे संध्याकाळी शुकशुकाट असतो हे खरे, पण जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि वर्ग सुटल्यावर तुमच्या हातात चार-पाच तासांचा लख्ख उजेड असतो. तो उजेड प्रवासात घालवण्यासारखा नाही.

यू3 चे नाव मुद्दाम घेतले, कारण पहिल्या आठवड्यात शहर समजून घ्यायला ही एक मार्गिका पुरते. विद्यापीठापाशी ती उघड्या चरातून जाते, दोन्ही बाजूंना झाडी असते, आणि दालेम-डॉर्फ स्थानकाची इमारत तर गवताने शाकारलेली आहे. पुढे ती जमिनीखाली जाते, हायडेलबर्गर प्लाट्सला रिंगला भेटते आणि ग्लाइसड्राइएकच्या अलीकडे वर येऊन लोखंडी खांबांवरून धावू लागते. 1902 मध्ये बर्लिनची पहिली मेट्रो धावली ती याच उन्नत मार्गावरून. कॉटबुसर टोरपाशी खिडकीतून तुर्की दुकानांच्या पाट्या दिसतात, मग गाडी ओबरबाउम पुलावरून श्प्रे नदी ओलांडून वार्शाउअर श्ट्रासेला थांबते. पूर्व आणि पश्चिम बर्लिन तोडणाऱ्या भिंतीच्या काळात हा पूल सीमेवर होता. तिथून थोडे चालले की भिंतीचा 1.3 किलोमीटरचा रंगवलेला तुकडा लागतो. दुसऱ्या टोकाचे शेवटचे स्थानक क्रुमे लांके हे एका तळ्याचे नाव आहे, आणि त्याच्या शेजारचे श्लाख्टेनझे हे तळे पोहायला त्याहून चांगले. वर्गातली मुले दुपारी दप्तरासकट तिथे जातात. काही काठांवर लोक निर्वस्त्र ऊन खात पडलेले दिसतील. त्याचे इथे कोणालाच काही वाटत नाही, फक्त फोन बॅगेत ठेवावा.

तिकिटाबद्दल नीट माहिती हवी, कारण दंड साठ युरो आहे आणि साध्या वेशातले टीसी विद्यार्थी म्हणून सवलत देत नाहीत. छापील तिकीट फलाटावरच्या किंवा बसमधल्या यंत्रात पंच केल्याशिवाय ते तिकीट धरत नाहीत. ए-बीचे एकेरी तिकीट दोन तास चालते, पण एकाच दिशेने; त्याच तिकिटावर परत येता येत नाही. विमानतळ सी विभागात आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी ए-बी-सी तिकीट घ्यावे लागते. महिन्यासाठी डॉइचलांडटिकेट घ्यावे, ज्याची किंमत जानेवारी 2026 पासून 63 युरो आहे. ते देशभरातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्यांत चालते, फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत नाही. मात्र ते कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे मोजले जाते आणि वर्गणीसारखे आपोआप पुढे चालू राहते, म्हणून जुलैअखेर थांबवायचे असेल तर 10 जुलैच्या आत रद्द करा. अभ्यासक्रमाच्या शुल्कातच प्रवासाचे तिकीट येते का, हे आधी विद्यापीठाला विचारून घ्या.

आता पाहण्याच्या जागा. राइशटाग या संसद भवनाच्या घुमटावर जाणे विनामूल्य आहे, पण नाव आगाऊ नोंदवावे लागते. ते भारतातूनच करून ठेवा. पेर्गामोन संग्रहालय दुरुस्तीसाठी ऑक्टोबर 2023 पासून बंद आहे, तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून तिथला प्राचीन बाबिलोनचा इश्तार दरवाजा पाहायला निघू नका. शेजारच्या नॉयेस संग्रहालयात इजिप्तची राणी नेफरतिती हिचा पुतळा आहे, तो पाहा. ब्रांडेनबुर्ग दरवाजा येता-जाता दिसतोच.

या सगळ्यांपेक्षा ज्या जागेला तुम्ही अर्धा दिवस द्यावा असे मला वाटते, ती म्हणजे बेर्नाउअर श्ट्रासे. 13 ऑगस्ट 1961 रोजी सीमा बंद झाली तेव्हा या रस्त्यावर एका बाजूची घरे पूर्व बर्लिनमध्ये होती आणि त्यांच्या दारासमोरचा पदपथ पश्चिम बर्लिनमध्ये. लोकांनी आधी दारांतून, दारे चिणल्यावर खिडक्यांतून, आणि खिडक्याही चिणल्या जाऊ लागल्यावर वरच्या मजल्यांवरून उड्या मारल्या. खाली पश्चिमेचे अग्निशामक जाळ्या धरून उभे असत. दोन भिंतींच्या मधल्या पट्ट्यात एक चर्च अडकले होते, ते पूर्व जर्मन सरकारने जानेवारी 1985 मध्ये सुरुंग लावून पाडले, आणि पाच वर्षांच्या आत भिंतच गेली. त्या जागी 2000 साली मातीचे एक लहान लंबवर्तुळाकार प्रार्थनागृह उभे राहिले. त्याच्या भिंती धोपटलेल्या मातीच्या आहेत आणि त्या मातीत जुन्या चर्चचा चुरा मिसळलेला आहे; जवळ जाऊन पाहिले तर विटांचे आणि काचेचे तुकडे स्पष्ट दिसतात. भोवती राय या धान्याचे शेत आहे. जूनमध्ये ते हिरवट असते, पुढे पिवळे पडत जाते आणि उन्हाळ्यातच त्याची कापणी होते. ज्या पट्ट्यात पहारेकऱ्यांना पळणारा माणूस दिसावा म्हणून गवतसुद्धा उगवू देत नसत, तिथे हे पीक घेतले जाते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. गटाबरोबर जाऊ नका, एकटे जा.

दुसरी जागा तुमच्या विद्यापीठातच आहे आणि मराठी माणसाने ती चुकवू नये. ईनेश्ट्रासे 22 या इमारतीत आज राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. 1927 मध्ये तिथे मानववंशशास्त्र आणि सुप्रजननाची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली, आणि त्या पहिल्या काही वर्षांतच इरावती कर्वे तिथे संशोधन करत होत्या. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे मोठे पुरस्कर्ते होते. कर्वेबाईंना विषय मिळाला मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा, आणि मोजमापे घेतल्यावर त्यांनी ती असमानता वंशाशी जुळत नाही, असा निष्कर्ष मांडला. विशीतल्या, परक्या देशातल्या विद्यार्थिनीने आपल्याच मार्गदर्शकासमोर असे लिहिणे सोपे नव्हते. पुढे याच संस्थेला आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून तिथला डॉक्टर योसेफ मेंगेले याने मृतांचे अवशेष पाठवले. 2014 मध्ये जवळच्या खोदकामात हाडांचे तुकडे सापडले आणि 2023 मध्ये दालेमच्या स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. इमारतीवर फलक आहे. वर्गातून वर्गात जाताना लोक त्याच्यासमोरून निघून जातात, कारण तो शोधायला हवा हे कोणी सांगत नाही.

रविवारचे वेगळे सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसाला तो अंगावर येतो. दुकाने बंद असतात, अपवाद फक्त मोठ्या स्थानकांतल्या काही दुकानांचा आणि श्पेटी म्हणतात त्या उशिरापर्यंत चालणाऱ्या टपरीवजा दुकानांचा. म्हणून दूध-भाजी शनिवारी आणावी. त्या दिवशी घरात व्हॅक्यूम क्लीनर लावला तर शेजारी दार वाजवतात. तेव्हा रविवारी बाहेर पडावे हेच बरे. वानझे स्थानकाजवळून एफ10 ही फेरी तळे ओलांडून क्लाडो गावात जाते. वीस मिनिटांचा हा जलप्रवास सार्वजनिक वाहतुकीचा भाग असल्यामुळे वेगळे तिकीट लागत नाही. किंवा टेम्पेलहोफच्या मैदानावर जा. 1948-49 च्या पश्चिम बर्लिनच्या सोव्हिएत नाकेबंदीत जिथे अन्न आणि कोळसा घेऊन विमाने उतरत होती, तो विमानतळ 2008 मध्ये बंद झाला, 2010 मध्ये लोकांसाठी खुला झाला, आणि 2014 च्या सार्वमतात बर्लिनकरांनी तिथे इमारती बांधू द्यायला नकार दिला. धावपट्टीवर सायकली चालतात आणि वारा चांगला असल्यामुळे पतंग उडतात, मांजा न लावता. तुमच्या तिकिटात पोट्सडामही बसते आणि फ्रांकफुर्ट आन डेर ओडरही, जिथे पूल चालून ओलांडला की माणूस पोलंडमध्ये असतो. परदेश बघितल्याचे समाधान हवे असेल तर ते इतक्या स्वस्तात मिळते.

शाकाहाराची चिंता करू नका. दालेममध्येच 2010 पासून संपूर्ण शाकाहारी मेन्सा, म्हणजे विद्यार्थ्यांची खाणावळ, आहे, आणि मंगळवारी व शुक्रवारी माइबाखउफरच्या तुर्की बाजारात बाजार उठायच्या वेळी भाजी-फळे अगदी कमी दरात मिळतात. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. बाटलीबंद पेय घेतलेच तर प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते. ती दुकानातल्या यंत्रात परत करावी, किंवा रस्त्यात असाल तर कचरापेटीत न टाकता तिच्या शेजारी उभी ठेवावी, म्हणजे बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्यांना आत हात घालावा लागत नाही. घरांत पंखे नसतात आणि जुलैत कधी कधी पारा पस्तिशीला जातो, तरीही एक जाकीट आणा, कारण त्याच आठवड्यात पाऊस पडून स्वेटरची थंडी पडू शकते.

रात्री एकट्याने फिरण्याविषयी तुमच्या आईबाबांनी विचारले आहे. शुक्रवारी आणि शनिवारी मेट्रो रात्रभर चालते, इतर रात्री तिची जागा बस घेतात, आणि त्या बसमध्ये पहाटे दोन वाजताही माणसे असतात. कॉटबुसर टोर आणि वार्शाउअर श्ट्रासे या स्थानकांवर पाकीटमारांपासून सावध राहावे आणि रात्री तिथे रेंगाळू नये, एवढे पथ्य पुरे. पोलिसांचा क्रमांक 110, रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलाचा 112. खोलीचा पत्ता नक्की करण्यापूर्वी मात्र तिथून दालेमला सकाळी नऊच्या वर्गाला पोचायला किती वेळ लागतो, हे बीव्हीजी या शहराच्या मेट्रो-बस कंपनीच्या ॲपवर एखाद्या सोमवारची तारीख टाकून तपासा. रविवारच्या वेळापत्रकावरून काढलेला अंदाज सोमवारी उपयोगी पडत नाही.